सागातला चौकोनी खिळा

१

“ते लाकूड आऱ्यावर नको चढू दिऊ, माय. साहेबले सांग.”

गिरणीत भुसा गोळा करणारी बुधीबाई हे म्हणाली तेव्हा माझ्या खांद्यावर चिमी तापानं फणफणलेली होती. चौदा महिन्यांचं लेकरू, तीन दिवस दुधाला तोंड लावत नव्हतं. मी उंबऱ्यातूनच विचारलं, “का गं? काय झालंय त्या लाकडाला?”

 अंगणापलीकडे ओंडक्यांची रास होती, तिच्यातल्या एका जाड सागाकडे ती नुसती बघत राहिली. मला वाटलं, असेल काही झाडावरचं भूतबीत. इंटर सायन्सला बॉटनी घेतलेली मी. सासूबाई आल्या की चिमीच्या पायाला काळा दोरा बांधायच्या आणि त्या गेल्या की मी तो सोडून टाकायची. “बरं, सांगते हो,” म्हणाले आणि दार लोटून घेतलं.

मी विसरले, असं पुढे सगळ्यांना वाटलं असतं. पण मी विसरले नव्हते. रात्री हे जेवायला बसले तेव्हा मला आठवलं होतं. सांगितलं तर हे हसतील, एवढ्यासाठी बोलले नाही.

ही गोष्ट गेल्या वर्षीची, छप्पन्न सालच्या फेब्रुवारीतली. धुळ्याला साक्री रस्त्यावर रतिलाल शेठची लाकडाची गिरणी आहे. हे तिथे मॅनेजर, आणि आमची खोली गिरणीच्याच आवारात. आमचा आरा म्हणजे दोन मोठ्या चाकांवरून फिरणारी अखंड दातेरी पोलादी पट्टी. वाफेच्या जुन्या इंजिनावर ती चालायची आणि सबंध दिवस आमच्या भांड्यांना बारीक कंप असायचा. सुरुवातीला मला झोप लागत नसे. सावद्याच्या माहेरी केळीच्या पानांची सळसळ ऐकत मोठी झालेली मी. मग हळूहळू आऱ्याचा सूर कळू लागला. ओल्या लाकडात तो गुणगुणायचा, सागात शिरला की खर्जात जायचा. तो चालू असला की हे सुखरूप आहेत, असं मी धरून चालायची.

बुधीबाईनं सांगितलं त्याच्या चौथ्या दिवशी, सोमवारी सकाळी दहाला, तो सूर एकदम किंचाळला. मग काहीतरी फटकन तुटलं. मग शांतता.

मी चिमीला तशीच कडेवर घेऊन धावले. आऱ्याची पट्टी तुटून सापासारखी बाहेर उसळली होती. कौतिक, आमचा आरेकरी, जागच्या जागी उभा होता आणि आपल्या डाव्या हाताकडे तो दुसऱ्या कुणाचा असावा तसा बघत होता. कोपरापासून अंगठ्यापर्यंत चिरला होता.

त्याला टांग्यात घालून दवाखान्यात नेलं. धूळ खाली बसल्यावर शेठ ट्रॉलीवरच्या अर्धवट कापल्या ओंडक्यावर वाकले. चीर पाचरीनं फाकवली, तर कापलेल्या अंगात काहीतरी चकाकत होतं.

“खिळा,” शेठ म्हणाले. “कोणीतरी खिळा मारलाय माझ्या लाकडात.”

२

तासाभरात शेठनी बैठक बसवली. बैठक म्हणजे ऑफिसची एक खुर्ची, तिच्यावर ते, आणि बाकी सगळे उभे.

“हे बघा, खिळा आपोआप लाकडात चालत जात नाही,” ते म्हणाले. “कौतिकचे भाऊ दारात येऊन बसलेत. नाव मागतात. शुक्रवारी मी नाव देणार. त्यांना पण देणार आणि चौकीत पण देणार.”

गिरणीवर राग असेल अशी माणसं दोनच होती आणि ती कोण हे सगळ्यांना ठाऊक होतं.

एक झुलाल मिस्त्री. साठीचा, एकटा जीव. आऱ्याच्या पट्टीचे दात कानशीनं घासून धार लावायची, हे त्याचं तीस वर्षांचं काम. कानशींनी भरलेल्या पत्र्याच्या शेडमध्येच तो राहायचा, तिथेच चूल, तिथेच वळकटी. पुढच्या महिन्यात मुंबईहून धार लावायचं यंत्र येणार होतं. शेठनी त्याला सांगून टाकलं होतं, “यंत्र आलं की तू मोकळा.”

दुसरा चिंधा गाडीवान. साक्रीच्या पलीकडच्या जंगलातून ओंडके आणायचा. शेठनी ट्रक घेतला होता. चिंधाच्या बैलांना होळीनंतर काम नव्हतं.

शेठनी झुलालची पेटी उघडायला लावली. वर कानशी, खाली जुनं धोतर, त्याच्या गाठीत लोखंडाचे सहा खिळे. हातानं घडवलेले, चौकोनी. बाजारातले खिळे गोल असतात. लाकडातला खिळा चौकोनी होता.

“झालं!” शेठ म्हणाले.

“मना बापना हातना शेत ते,” झुलाल त्याच्या अहिराणीत म्हणाला. खिळे त्याच्या बापानं घडवलेले होते. “तो लोहार व्हता. आठवण म्हनीसन ठेवेल शेत.”

“आणि कोणी तुला त्या लाकडाजवळ बघितलं असेल तर?”

 आणि मग मी बोलले. खरं तेच बोलले, हे आधी लिहून ठेवते. शनिवारी दुपारी, सगळे जेवायला गेलेले असताना, मी चिमीला थोपटत खिडकीशी उभी होते. झुलालनाना हातात हातोडी घेऊन त्याच ओंडक्यावर वाकले होते. ठोकत होते.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. झुलालनं पाहिलं नाही. त्यानं मान खाली घातली.

बुधीबाईनं मला काय सांगितलं होतं, ते मात्र मी बोलले नाही. मॅनेजरच्या बायकोला आधी कळलं होतं, असं निघालं तर यांची नोकरी राहील का, हाच विचार आला. म्हाताऱ्याविरुद्ध साक्षीदार झाले आणि स्वतःबद्दल गप्प बसले. त्या दुपारी पहिल्यांदा सबंध गिरणी बंद होती. भांडी हलत नव्हती. चिमी घाम येऊन शांत झोपली, ताप उतरला. 

३

मंगळवारी मी भाकरी आणि पिठलं झाकून झुलालच्या शेडवर गेले. आवाराबाहेर जायची त्याला बंदी होती.

“कसाले आणं, वहिनी?” तो म्हणाला. “फाशी देवाना आधी गोड खावाले देतस, तुम्ही पिठलं आणं.”

“नाना, थट्टा पुरे. तुम्ही त्या लाकडावर का ठोकत होतात?”

“आयकत व्हतू.”

“काय?”

त्यानं बाजूचा लाकडाचा ठोकळा जवळ ओढला, हातोडीनं एकदा हलकेच मारलं. “हाई भरीव. आयका.” मग दुसरा. “हाई पोकळ. किडानी खादं.” तीस वर्षांत असा एक ओंडका नव्हता की ज्याच्या पोटातलं त्याला बाहेरून कळलं नाही. बंदुकीची गोळी असो, तारेचा तुकडा असो. “लोखंड व्हई तर लाकूड खोकस,” तो म्हणाला.

“मग हे खोकलं नाही?”

“नही.” त्यानं हातोडी खाली ठेवली. “मना कान चुकना, वहिनी. यंत्र येवाना आधीच मी मोडी गयू. शेठ मारो का काढो, आते काय.”

मला कळलं, त्याची मान कालपासून खाली का होती. चोरी पकडली गेली म्हणून नव्हती.

“पण नाना, रचलेले चाळीस ओंडके होते. तुम्ही तोच एक का ऐकलात?”

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, तोंडात घातला नाही.

“कुणी सांगितलं तुम्हाला?”

“शब्द देयेल शे,” तो म्हणाला. “नाव सांगाव नही. तिले बठ्ठा मिळीसन आवारबाहेर काढी देतीन.”

बोलून गेल्यावर त्याला कळलं आणि त्यानं डोळे मिटले. तिले, म्हणाला होता तो. सगळे मिळून तिला बाहेर काढतील. गिरणीच्या आवारात बायका दोनच. एक मी.

४

बुधीबाईकडे लगेच जायचं धाडस झालं नाही. आधी ती कुठून आली हेच मला माहीत नव्हतं. पंधरा दिवसांपूर्वी आवारात दिसायला लागली, साली आणि भुसा गोळा करायच्या कामाला लागली. पन्नाशी उलटलेली, सुकलेली, डोंगरातली बाई. जेवायची एकटी, त्या राशीच्या सावलीत बसून.

बुधवारी सकाळी चिंधा बैलांना पाणी पाजत होता. त्याला माझा राग होता. उघड होता.

“आते मना नंबर का, वहिनी? लिखी घ्या. खिळा मी मारा. बैलसनी हातोडी धरी.”

“चिंधाभाऊ, कुणी मारला ते नाही विचारत. ते लाकूड आणलं कुठून?”

“साक्रीना पलीकडे, डोंगरना पायथाले. वावरना बांधवर एकटं उभं व्हतं. मोठं झाड. ठेकेदारनी तोडं.”

“तोडताना बुंधा किती ठेवला?”

तो हसला. “हाई कॉलेजमा शिकाडतस का? वीतभर. जास्त ठेवा तर ठेकेदार बोंबलस.”

“आणि बुधीबाई? तुमच्याच गाडीबरोबर आली ना?”

चिंधाचं हसणं गेलं. त्यानं बैलाच्या मानेवरून हात फिरवला.

“गाडीबरोबर नही, वहिनी. गाडीना मागे. चालत. साक्रीपाईन अठलोंग. दोन दिवस. मी म्हनं, बस ना माय वर, जागा शे. बसनी नही. म्हने, त्यावर मना पाय नको लागाले. रातले आम्ही मुक्काम करा तर ती लाकूडले हात लाईसन झोपे, जसं कोनी लेकरूजोडे झोपस.”

“तुम्ही विचारलं नाहीत?”

“इचारं. बोलनी नही. मी म्हनं जाऊ द्या, मना बैल बी माले काही सांगतस नहीत.”

मी परत फिरले तेव्हा ट्रॉलीजवळ कुणी नव्हतं. शेठनी हुकूम दिला होता, शुक्रवारपर्यंत त्या लाकडाला कुणी हात लावायचा नाही. मी दोन्ही बाजूंना पाहिलं आणि चिमीला भुशाच्या ढिगावर बसवलं. ती मुठी भरभरून भुसा उडवू लागली.

मी पहिल्यांदाच तो खिळा नीट पाहिला. आणि आणखी जवळ वाकले.

५

आऱ्यानं लाकूड बरोबर मधोमध उभं चिरत नेलं होतं आणि तो खिळ्यापाशी तुटला होता. खिळ्याचा कापलेला भाग चकचकीत होता, तोच शेठना दिसला होता. पण खिळ्याभोवती लाकूड काळंनिळं पडलं होतं. शाईचा थेंब पसरावा तसा डाग, खाली-वर वीतभर ओघळलेला. लोखंड आणि सागाचा रस एकत्र मुरले की असा डाग पडतो. पण एका दिवसात नाही, शनिवार-सोमवारात तर नाहीच.

आणि खिळ्याचं डोकं सालीपाशी नव्हतं. सालीपासून आत चांगलं चार बोटं होतं. वरची साल अखंड होती. झुलालच्या हातोडीचे खळगे सालीवर होते, आत काही गेलं नव्हतं.

मी अंबाड्यातून आकडा काढला. साग दर वर्षी एक कडं धरतो, पहिल्या वर्षाच्या मुलालाही हे शिकवतात. उभ्या चिरलेल्या अंगावर ती कडी रेघांसारखी दिसतात. खिळ्याच्या डोक्यापासून सालीपर्यंत मी आकड्याच्या टोकानं एकेक रेघ मोजली. दोनदा मोजली.

एकोणीस.

दुपारी मी यांना आणि शेठना तिथे घेऊन गेले. आणि सांगितलं. हा खिळा एकोणीस वर्षांपूर्वी, सदतीस सालाच्या सुमाराला उभ्या झाडात मारलेला आहे. तेव्हा तो सालीत होता. झाडानं दर वर्षी एक थर चढवत त्याला पोटात घेतलं. चार बोटं साग वर असल्यावर झुलालनानांनाच काय, कुणालाच तो ऐकू आला नसता.

हे वाकून रेघा मोजू लागले. शेठ माझ्याकडे बघत राहिले. मग सावकाश म्हणाले, “वहिनी, तुम्ही हुशार आहात. मानलं. खिळा जुना. पण मला एक सांगा. चाळीस लाकडांतून झुलालनं हेच ठोकलं. म्हणजे त्याला माहीत होतं यात काहीतरी आहे. माहीत असून कौतिकला लाकूड चढवू दिलं. खिळा मारला काय आणि गप्प बसला काय, हात तर त्या पोराचाच चिरला ना?”

“त्याला खात्री नव्हती, शेठ.”

“मग ज्यानं त्याला सांगितलं त्याला होती. तो कोण? नाव द्या, झुलालला सोडतो. नाहीतर शुक्रवारी झुलाल.”

माहीत असून गप्प बसणं. शेठ ते म्हाताऱ्याबद्दल बोलत होते आणि प्रत्येक शब्द माझ्या अंगावर येत होता.

६

त्या संध्याकाळी चिमी पहिल्यांदा दाराची चौकट धरून स्वतःहून उभी राहिली. आनंदानं मी पेन्सिल घेतली आणि तिच्या डोक्याच्या पातळीवर चौकटीत रेघ ओढली. माझ्या आईनं माझ्यासाठी ओढली होती तशी. सावद्याच्या घरी ती रेघ अजून असेल.

पेन्सिल तशीच हातात राहिली.

झाड वाढतं ते शेंड्याकडे. खोडात मारलेला खिळा वर सरकत नाही. झाड आभाळाला टेकलं तरी खिळा जमिनीपासून जिथे मारला तिथेच असतो. मी चिमीला यांच्याकडे दिलं आणि धुण्याची दोरी घेऊन ट्रॉलीकडे गेले. बुडख्यापासून खिळ्यापर्यंत मोजलं. त्यात चिंधाची वीत मिळवली. दोरीला गाठ मारली आणि ती जमिनीवर उभी धरली.

माझ्या कमरेच्या थोडी वर. पाच वर्षांच्या मुलाच्या डोक्याएवढी.

राशीच्या मागे बुधीबाई बसली होती. सोमवारपासून तिनं काही खाल्लं नव्हतं, हे मी खिडकीतून पाहत होते. केस मोकळे होते. मी घरी जाऊन चिमीला परत घेऊन आले आणि तिच्याशेजारी भुशात बसले.

“बुधीबाई, तो खिळा तुझा आहे.”

तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले. “नको बोलू. त्यानं नाव नको घिऊ.”

“तू बोलू नकोस. सांगायचं नसतं ना? मग मी बोलते. चुकलं तर तू मान हलव.”

ती हलली नाही. लेकराचा आजार असा झाडात ठोकतात, हे लहानपणी सावद्याला ऐकलं होतं; त्यावरून मी बोलू लागले.

“तुझं लेकरू पाच वर्षांचं होतं. आजारी पडलं. भगतानं त्याला बांधावरच्या सागाला टेकवून उभं केलं. त्याच्या डोक्याला लागून झाडात खिळा ठोकला. आजार झाडात राहिला, लेकरू बरं झालं.”

तिचे हात कानांवरून खाली आले.

“आणि सांगितलं, खिळा आहे तोवर लेकरू आहे. खिळ्याबद्दल आईनं बोलायचं नाही. बोलली की तो सुटतो.”

चिमी तिच्या मांडीवर चढली. बुधीबाईनं तिला धरलं, नीट, सवयीच्या हातानं, डोक्यामागे पंजा देऊन. मला तेव्हा कळलं, माझ्या दारात उभी राहून ती किती बोलली होती. जेवढं बोलता येत होतं तेवढं सगळं बोलली होती. त्याच्या पुढचं मी विचारायला हवं होतं, आणि मी दार लोटलं होतं.

“कुठे आहे तो?”

“भुरा,” ती म्हणाली. नाव घेतल्याबरोबर तिचा सबंध चेहरा मोडला. “सतरानं वरीस व्हतं. भुसावळले रूळना कामवर गया. मुकादम लई गया. म्हने दिवाळीले येसू. सात दिवाळ्या व्हयन्या. मी म्हनू, झाड उभं शे, भुरा उभा शे. मंग झाड तोडं. मी म्हनं, लाकूड तर शे.” तिनं आऱ्याकडे पाहिलं. “सोमवारले आरा त्यावर चालना. त्याच येळले गया तो, माय. मी आयकं. तुम्ही बठ्ठासनी आयकं.”

मी तिला काय सांगणार होते? तुझा समज चुकीचा आहे? रात्र रात्र माझी पोर तापात होती तेव्हा कुणी मला हातोडी आणि खिळा दिला असता, तर मी बॉटनीचं पुस्तक उघडून बसले असते का?

७

गुरुवारी मी यांना सगळं सांगितलं. आधी माझं, मग तिचं.  हे म्हणाले, “सांगितलं असतंस तर मी हसलो असतो, हे खरं आहे.” आणि उठून टोपी घातली.

आम्ही दोघं शेठना घेऊन दवाखान्यात गेलो. जे काय बोलायचं ते कौतिकच्या समोर बोलायचं, असं मी ठरवलं होतं. कौतिकचा हात पट्ट्यांनी बांधलेला होता. त्याचे दोन्ही भाऊ खाटेपाशी उभे होते.

“शेठ, तुम्ही विचारलं होतं की आधी कुणाला माहीत होतं,” मी म्हणाले. “मला. चार दिवस आधी मला सांगितलं गेलं होतं, ते लाकूड आऱ्यावर चढवू नका म्हणून. मी यांना सांगितलं नाही. झुलालनानांनी निदान हातोडी घेऊन तपासलं तरी. मी तेवढंही केलं नाही. शुक्रवारी नाव द्यायचं तर माझं द्या.”

“सांगितलं कोणी?” शेठनी विचारलं.

“एका आईनं. नाव मी सांगणार नाही. एकोणीस वर्षांपूर्वीचा तो खिळा तिनं कुणाचं वाईट करायला मारला नव्हता. आणि जेवढं तिला बोलता येत होतं, तेवढं ती बोलली होती.”

 मॅनेजरच्या बायकोचं नाव चौकीत देणं शेठना जमण्यासारखं नव्हतं. त्याच्याहून वाईट म्हणजे, खिळा एकोणीस वर्षांचा आहे हे आता दवाखान्यातल्या सगळ्यांनी ऐकलं होतं.

कौतिक उशीवरून माझ्याकडे बघत होता. तो यांच्या वयाचा. त्याला दोन मुलं.

“वहिनी,” तो म्हणाला, “तुम्ही सांगितलं असतं तरी शेठनी आरा थांबवला नसता. अशी लाकडं रोज कोणी ना कोणी वाईट म्हणतंच.” शेठ खाकरले. “पण तुम्ही सांगायला पाहिजे होतं.”

“हो,” मी म्हणाले.

“मग झालं. डॉक्टर म्हणतो, चार बोटं हालतील. अंगठ्याचं बघू. आते झुलालनानाले सोडा, त्यानी धार लावली नाही तर मी आऱ्यावर परतल्यावर चालवू काय, विळी?”

धाकटा भाऊ आधी हसला. मग थोरला.

झुलाल सुटला. यंत्र मुंबईहून आलं, पण ते चालवायला माणूस लागतो, आणि ते पहिल्याच आठवड्यात रुसलं. झुलाल त्याच्या शेजारी कानस घेऊन बसतो आणि त्याला शिव्या देतो. अंगठा मात्र कौतिकचा राहिला नाही. त्याच्या बायकोसमोर मला अजून वर बघता येत नाही.

तो ओंडका पुढे कापला नाही. यांनी शेठना तेवढं पटवलं. पण बुधीबाईनं लाकडाकडे पाठच फिरवली. “त्यामा आते काही नही,” म्हणाली. होळीच्या आधी ती गावी निघून गेली. चिंधा तिला सोडून आला. या वेळी ती गाडीत बसली, हे चिंधानं मला दोनदा सांगितलं. मी महिन्या दोन महिन्यांनी जाते. साक्रीपर्यंत मोटार, पुढे पायी. ती चुलीशी असते. मी गेले की भाकरी करते, चिमीला मांडीवर घेते. माझ्या तोंडाकडे बघते, मग बघणं सोडून देते. ती भुराचं नाव घेत नाही. मेल्याचं घेत नाहीत तसं घेत नाही.

खून नाही, चोरी नाही, गुन्हेगार कोण तेही मी कबूल केलं आहे. तरी हे प्रकरण मिटलेलं नाही. भुरा आहे की नाही, हे मला उलगडता आलेलं नाही. यांनी भुसावळला दोन पत्रं लिहिली. मुकादमाच्या हाताखालच्या माणसांची नावं तिथे कुणाकडे लिहिलेलीच नसतात, असं उत्तर आलं. मी स्वतः एकदा चिमीला घेऊन गेले, रेल्वेच्या चाळींमधून दोन दिवस फिरले. भुरा नावाची तीन माणसं भेटली. तिघंही दुसऱ्यांची होती.

म्हणून हे लिहिते आहे. तुमच्यापैकी कुणी भुसावळकडे असाल, रुळांच्या कामावर, यार्डात, चाळीत, किंवा तुमच्या शेजारी असं कुणी राहत असेल, तर एवढं बघा, बुधीबाईनं त्या संध्याकाळी सांगितलेलं. वय पंचविसाच्या आसपास. डोंगराकडची बोली. समोरचा एक दात अर्धा तुटलेला, त्यामुळे हसताना तोंडावर हात धरतो. वांगं खात नाही. काम करताना दातांतून शीळ घालतो, सूर नसलेली. नाव आता दुसरं काही सांगत असेल.

त्याला रागावू नका. आई वाट बघते, असं एकदम सांगू नका, घाबरून तो आणखी पुढे निघून जाईल. बायको-मुलं असतील त्याला, नाहीतर घरी तोंड दाखवायची लाज वाटत असेल. यायलाच हवं असंही नाही. जेवला का, बरा आहे का, एवढं विचारा, आणि मला एक कार्ड टाका. कुंदाबाई, लाकडाची गिरणी, साक्री रस्ता, धुळे. कार्डावर फार लिहायची गरज नाही. ‘आहे’ एवढंच लिहा. मी त्याच दिवशी साक्रीची मोटार धरेन आणि तिच्या चुलीपाशी बसून तिच्या भाषेत सांगेन, शे.